नंदेचं माहेर कुणाचं?

शेतातलं, घरातलं काम आटपून रेडिओ लावून बसलात, बरं वाटलं. एरवी मी तुमची सहयोगिनी म्हणून बोलते, तेव्हा बचत, हप्ते आणि बँकेची कागदपत्रं हेच विषय असतात. आज हिशेबाची वही बाजूला ठेवूया. आज एका डोंगराची, तिथल्या जंगलाची आणि तिथल्या बायांची गोष्ट सांगते. गोष्ट दूरची आहे, हिमालयातली आहे. पण ऐकता ऐकता तुम्हाला ती ओळखीची वाटेल.

भादव्यात आपल्याकडे गौरी येतात. उंबऱ्यापासून पावलं काढत आपण त्यांना घरात आणतो. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी पाठवणी. ज्या त्या घरची रीत थोडी वेगळी, पण गौर म्हणजे माहेरवाशीण, हे सगळीकडे सारखंच. बरोबर याच दिवसांत, भाद्रपद शुद्ध अष्टमीला, उत्तराखंडातल्या डोंगरी गावांत नंदाष्टमी असते. तिथली नंदा म्हणजेही गौरीच, हिमालयाची लेक, महादेवाची बायको. तीही माहेरी येते. तिलाही गावच्या बाया डोळ्यांत पाणी आणून सासरी पाठवतात.

त्या नंदेच्या नावाचं एक शिखर आहे, नंदादेवी. उंची ७,८१६ मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ पावणेपाच कळसूबाई एकीवर एक ठेवल्या, तर नंदादेवी होईल. भारतात कांचनगंगेनंतर हिचाच नंबर लागतो. कांचनगंगा नेपाळच्या हद्दीवर आहे, नंदादेवी मात्र पूर्ण आपल्या देशात आहे. चमोली जिल्ह्यात. शेजारी तिची धाकटी बहीण उभी आहे, ७,४३४ मीटर उंचीची. तिला सुनंदा म्हणतात.

या डोंगराची ठेवण मोठी नवलाची आहे. जुन्या वाड्याला चारी बाजूंनी उंच भिंत असावी, मधे अंगण असावं आणि पाणी बाहेर जायला एकच वाट असावी, तशी. नंदादेवी मधोमध उभी आणि तिच्याभोवती बर्फाच्या शिखरांचं कडं. त्रिशूल, दूनागिरी, चांगबांग अशी मोठमोठी शिखरं या कड्यात आहेत. आतलं सगळं पाणी एकाच अरुंद घळीतून बाहेर पडतं. त्या नदीचं नाव ऋषिगंगा. सप्तर्षी या आतल्या अंगणात तपाला बसले होते, म्हणून ऋषिगंगा, असं तिथले लोक सांगतात. ऋषिगंगा रैणी गावाजवळ धौलीगंगेला मिळते, धौलीगंगा जोशीमठाखाली अलकनंदेला, आणि अलकनंदा पुढे देवप्रयागला भागीरथीला. तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. आपल्या देवघरात गंगाजलाची सीलबंद तांब्याची लोटी असते ना, त्यातला एखादा थेंब या अंगणातून आलेला असायचा.

आत काय आहे? खाली देवदार आणि सुरू-पाइनसारख्या झाडांचं रान. वर भूर्ज, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. त्याच्याही वर गवताची कुरणं, त्यांना तिकडे बुग्याल म्हणतात. पावसाळ्यात या बुग्यालांवर रंगीबेरंगी फुलं येतात, औषधी मुळ्या मिळतात. हिमबिबट्या आहे, कस्तुरीमृग आहे, निळसर अंगाची जंगली मेंढरं आहेत, काळं अस्वल आहे आणि मोनाल नावाचा मोरासारखा झळाळणारा पक्षी आहे. उत्तराखंडाचा तो राज्यपक्षी.

आता नंदेच्या गोष्टीकडे येऊ. गढवालात लग्न झालेल्या लेकीला ध्याणी म्हणतात. नंदा ही सगळ्या मुलखाची ध्याणी. तिचं सासर कैलासावर. तिथे बर्फ, थंडी, नवरा भस्म फासून बसलेला, घरात दाणागोटा नाही. आपल्या ओव्यांत जशी सासुरवाशीण भावाची वाट बघते, तशी तिथल्या जागरांत नंदा माहेरच्या माणसांची वाट बघते. जागर म्हणजे रात्री जागून म्हटलेली देवाची गाणी. माहेरचं बोलावणं आलं नाही म्हणून ती रुसते, मग माहेरावर संकट येतं, मग तिला बोलावतात, तिचं कोडकौतुक करतात.

दरवर्षी लहान यात्रा निघते आणि साधारण बारा वर्षांनी मोठी, तिला राजजात म्हणतात. कर्णप्रयागजवळच्या नौटी गावातून ती सुरू होते आणि जवळजवळ २८० किलोमीटर चालत, तीन आठवड्यांच्या आतबाहेर, होमकुंडापर्यंत जाते. सगळ्यात पुढे असतो चार शिंगांचा मेंढा. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना नंदेसाठी आहेर लादलेला असतो, बांगड्या, कापड, दागिने, खाऊ. गावोगावच्या बाया त्याला ओवाळतात आणि रडतात. होमकुंडाला पूजा होते, मेंढ्याला सोडून देतात, आणि तो एकटा कैलासाच्या दिशेनं निघून जातो. मागे वळून बघायचं नसतं. २०१४ साली अशी राजजात निघाली होती. पूर्वी वाण नावाच्या गावाच्या पुढे बायकांनी जायचं नाही, अशी रीत होती. आता बायाही पुढे जातात.

या वाटेवर रूपकुंड नावाचं लहानसं तळं आहे, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर. १९४२ साली एका वनरक्षकाला तिथे माणसांच्या हाडांचा खच दिसला. शेकडो माणसांची हाडं. गावचे लोक याची गोष्ट सांगतात. कनौजचा राजा जसधवल गर्भार राणीला आणि नाचणाऱ्या बायकांना घेऊन यात्रेला आला, त्यानं नंदेच्या पवित्र जागेचा मान ठेवला नाही, तेव्हा नंदेनं लोखंडासारख्या गारा पाडल्या आणि सगळे तिथेच संपले. नवल म्हणजे शास्त्रज्ञांनी कवट्या तपासल्या, तेव्हा काही कवट्यांवर वरून गोल, जड वस्तू पडल्याच्या खुणा सापडल्या. गारांचा मार असावा, असा अंदाज त्यांनी केला. पुढे २०१९ साली ३८ जणांच्या हाडांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात कळलं, की हे लोक एकाच वेळचे नाहीत. काही साधारण बाराशे वर्षांपूर्वीचे, आपल्याच देशातल्या निरनिराळ्या भागांतले. आणि काही जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे, पार भूमध्य समुद्राकडचे. ते तिथे कशाला आले होते, हे कोडं उरलंच आहे. पण गोष्टीतली गार खरी निघाली असावी. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी उडवून लावू नयेत, त्यांत काहीतरी जपून ठेवलेलं असतं.

अजून एक गोष्ट याच डोंगरांतली. नंदेभोवतीच्या कड्यातल्या दूनागिरीच्या पायथ्याशी द्रोणागिरी नावाचं गाव आहे. लक्ष्मणासाठी मारुतीनं संजीवनीचा डोंगर उचलून नेला, तो इथूनच, असं गाव मानतं. म्हणून या गावात मारुतीची पूजा करत नाहीत. आमचा देव-डोंगर तोडून नेला, असा त्यांचा राग. आणि पुढे असं सांगतात, की मारुतीला डोंगर कुठला हे एका म्हातारीनं दाखवलं. म्हणून डोंगराच्या पूजेत बायकांना भाग घेता येत नाही. बघा, डोंगर नेला मारुतीनं आणि शिक्षा बायकांना! लोककथेत चूक कुणाच्या पदरात घालायची, हेही आधीच ठरलेलं असतं.

मैत्रिणींनो, या गोष्टी ज्यांनी जपल्या, ते लोक कोण? नीती खोऱ्यातले भोटिया. रैणी, लाता, तोलमा अशी त्यांची गावं. मेंढपाळ लोक. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वरच्या कुरणांवर जायचं, थंडीत खाली उतरायचं. बाया लोकर कातायच्या, विणायच्या. पुरुष तिबेटात व्यापाराला जायचे. इकडून धान्य, गूळ न्यायचे, तिकडून मीठ आणि लोकर आणायचे. मेंढ्यांच्याच पाठीवर छोट्या गोण्या लादून. १९६२ साली चीनशी लढाई झाली, सरहद्द बंद झाली आणि हा व्यापार एका फटक्यात थांबला. मग उरलं काय? थोडीशी शेती, मेंढरं आणि जंगल. सरपण, चारा, औषधं, घराचं लाकूड, सगळं जंगलातून.

तिकडे बाहेरच्या जगाचं लक्ष मात्र शिखराकडे होतं. ऋषिगंगेच्या घळीतून आतल्या अंगणात जायची वाट गिर्यारोहकांना कित्येक वर्षं सापडत नव्हती. १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज, तीन शेर्पांच्या सोबतीनं आत पोचले. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ ला, टिलमन आणि नोएल ओडेल शिखरावर चढले. तोवर माणूस चढला होता त्यांतलं ते सगळ्यात उंच शिखर होतं, आणि हा मान १९५० पर्यंत टिकला. १९३९ मध्ये सरकारनं हा भाग शिकारबंदीचं अभयारण्य केला.

१९६५ साली तर वेगळंच घडलं. चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेच्या आणि आपल्या गुप्तचर खात्यांनी अणुऊर्जेवर चालणारं एक यंत्र शिखरावर बसवायचं ठरवलं. वाटेत हवामान बिघडलं, यंत्र तिथेच कड्याला बांधून माणसं खाली आली. पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर यंत्र गायब. ते आजवर सापडलेलं नाही. लोकांना हे कळलं ते १९७८ साली, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत सांगितलं तेव्हा. ज्यांच्या गावातून त्या डोंगराचं पाणी वाहतं, त्यांना तेरा वर्षं पत्ताच नव्हता.

आता आपण १९७४ सालात येऊ. रैणीच्या बायांची गोष्ट तुम्ही शाळेच्या पुस्तकात चिपको म्हणून वाचली असेल. पण पुस्तकात बहुतेक एक चित्र असतं, झाडाला मिठी मारलेली बाई. त्यामागचं ऐका.

जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला होता. पूल, रस्ते, शेतं वाहून गेली. डोंगरावरची झाडं बेसुमार तोडली म्हणून माती सुटली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. गोपेश्वरला चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सोबती ग्रामस्वराज्याचं काम करत होते. १९७३ साली त्यांनी शेतीची अवजारं करायला अंगूची झाडं मागितली, अंगूचं लाकूड हलकं आणि मजबूत. सरकारनं नकार दिला, आणि तीच झाडं खेळाचं सामान करणाऱ्या एका कंपनीला दिली. तेव्हा मंडल गावात लोकांनी ठरवलं, की झाडांना चिकटायचं. हिंदीत चिकटणं म्हणजे चिपकना. तिथून चिपको.

पुढच्या वर्षी रैणीच्या जंगलातल्या सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. गावानं विरोध करायचं ठरवलं होतं. २६ मार्च १९७४. त्या दिवशी गावातले पुरुष चमोलीला गेले होते. लष्करानं घेतलेल्या जमिनीची भरपाई मिळणार, असं बोलावणं आलं होतं. चंडीप्रसादांना वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी गोपेश्वरला बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं. गावात पुरुष नाहीत, हीच वेळ साधून ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन जंगलाकडे निघाली. एका लहान मुलीनं त्यांना पाहिलं आणि ती धावत गौरादेवींकडे गेली.

गौरादेवी कोण? त्यांचा जन्म १९२५ चा, माहेर शेजारचं लाता गाव. लहानपणीच लग्न होऊन रैणीत आल्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात अडीच वर्षांचं मूल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेती, मेंढरं, लोकर सगळं एकटीनं सांभाळलं, मुलाला मोठं केलं. गावच्या महिला मंगल दलाच्या त्या अध्यक्ष होत्या. महिला मंगल दल म्हणजे आपल्या महिला मंडळासारखंच. गावची वाट साफ ठेवायची, जंगलावर लक्ष ठेवायचं, अशी कामं.

गौरादेवींनी बायांना हाका मारल्या. चुलीवरचं तसंच टाकून सत्तावीस जणी निघाल्या. जंगलात माणसं स्वयंपाकाच्या तयारीत होती. गौरादेवींनी आधी समजावून सांगितलं. भावांनो, हे जंगल आमचं माहेर आहे, यातून आम्हाला सगळं मिळतं. हे तोडलंत तर पूर येईल आणि आमचं माहेर वाहून जाईल. जेवून घ्या आणि आमच्याबरोबर खाली चला, आमचे पुरुष आले की बोलू. अशा अर्थाचं त्या बोलल्या, असं सांगतात. त्यांच्यातल्या एकानं बंदूक रोखली. गौरादेवी छाती पुढे करून उभ्या राहिल्या. आधी मला मार, मग झाड तोड. माणसं मागे हटली. खाली येताना दरडीनं तुटलेल्या वाटेवर सिमेंटची फळी टाकलेली होती, तीही बायांनी काढून टाकली, म्हणजे परत वर जाता येऊ नये. आणि त्या रात्री बाया जंगलाच्या पहाऱ्याला बसून राहिल्या.

सरकारला एक समिती नेमावी लागली. दिल्लीचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे अध्यक्ष होते. बायांचं म्हणणं खरं आहे, हे समितीनं मान्य केलं. रैणी आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात जवळजवळ १,२०० चौरस किलोमीटरवर दहा वर्षं व्यापारी तोड बंद झाली. एवढी ताकद त्या सत्तावीस जणींची.

इथे पुस्तकातला धडा संपतो. पण रैणीची गोष्ट पुढेही आहे, आणि आज मला खरं तर तीच सांगायची आहे.

ज्या १९७४ साली रैणीच्या बाया उभ्या राहिल्या, त्याच साली सरकारनं आतलं अंगण देशी-परदेशी गिर्यारोहकांना खुलं केलं. मोहिमांमागून मोहिमा आल्या. १९७६ साली एका अमेरिकन गिर्यारोहकाची मुलगी आली. बापानं या शिखरावरूनच तिचं नाव नंदादेवी ठेवलं होतं. बाविशीतली ती पोर डोंगरावरच गेली. देवीनं आपल्या नावाच्या लेकीला पोटाशी घेतलं, असं लोक म्हणू लागले. मोहिमांमुळे गावच्या पुरुषांना ओझी वाहायचं, वाटाड्याचं काम मिळालं, चार पैसे आले. पण आत कचरा साठला, शेगडीसाठी भूर्ज आणि झुडपं तुटली, चोरून शिकारही होऊ लागली.

मग १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, सुमारे ६३० चौरस किलोमीटरचं. लगोलग आत जायला सगळ्यांनाच बंदी झाली. गिर्यारोहकांना बंदी, तशीच मेंढपाळांनाही. १९८८ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं, पुढे २००५ मध्ये फुलांची दरी म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्सही त्यात जोडली. जगभर नाव झालं.

या बंदीचा फायदा झाला, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. १९९३ आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांच्या तुकड्या आत गेल्या, तेव्हा गवत, झुडपं, रोपं पुन्हा दाट झालेली दिसली. ९३ च्या तुकडीत लष्कराचे जवान होते, त्यांनी जुन्या मोहिमांचा कचराही खाली आणला. जंगलाला विसावा लागतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. वावरसुद्धा आपण एखादं वर्ष पडीक ठेवतोच.

पण गावांचं काय झालं? पिढ्यान्‌पिढ्यांची उन्हाळी कुरणं गेली. मेंढरं ठेवायची कुठे? कळप घटले, लोकर घटली, बायांच्या हातचं विणकाम घटलं. औषधी मुळ्या आणता येईनात. ओझी वाहायचं काम संपलं. जंगली जनावर मेंढरं मारून जाई आणि भरपाईसाठी खेटे घालावे लागत. आणि हे सगळं ठरवताना गावाला विचारलं कुणी? ज्यांनी बंदुकीपुढे उभं राहून जंगल राखलं, त्यांनाच सांगण्यात आलं, की तुमच्यापासून जंगलाला धोका आहे.

मैत्रिणींनो, आपल्याला हे नवं नाही. माहेर आपलं म्हणायचं, दिवाळीला साडीचोळी घ्यायची, भावाला ओवाळायचं. पण सातबाऱ्यावर नाव घालायची वेळ आली, की लेक परकी. आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. तरी हक्कसोडपत्रावर सह्या करून देणाऱ्या आपल्यात किती आहेत, हे आपलं आपण जाणतो. नंदेला आहेर मिळतो, चार शिंगांचा मेंढा मिळतो, गाणी मिळतात. हक्काचं तसं नसतं. तो कागदावर लागतो, आणि निर्णयाच्या बैठकीत जागा लागते.

रैणी आणि लाता गप्प बसले नाहीत. १९९८ च्या पावसाळ्यात गावकरी मिळून बंदी मोडून आत शिरले. या आंदोलनाचं नाव होतं झपटो-छीनो, म्हणजे झडप घाला आणि हिसकून घ्या. लाताचे धनसिंह राणा त्यात पुढे होते. चिपकोच्या गावांवर झाडाला मिठी मारण्यापासून इथवर यायची वेळ आली, हे त्या नावातच कळतं. पण नुसतं भांडून ते थांबले नाहीत. ऑक्टोबर २००१ मध्ये लाता गावात जमून त्यांनी स्वतःचा जाहीरनामा केला. पर्यटन आलं तर ते गावाच्या हातात असेल, बाईला त्यात बरोबरीनं जागा असेल, जंगलाला इजा होणार नाही, असं त्यात होतं. २००३ पासून ठरावीक वाटेनं, ठरावीक संख्येत, स्थानिक वाटाड्या घेऊनच थोड्या पर्यटकांना आत सोडायला सुरुवात झाली. सगळं मिळालं असं नाही. पण दार थोडं किलकिलं झालं.

गौरादेवी १९९१ मध्येच गेल्या होत्या. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. ७ फेब्रुवारी २०२१ चा दिवसही पाहिला नाही. त्या सकाळी नंदादेवीजवळच्या रौंठी शिखराचा बर्फासकट मोठा कडा तुटला, आणि ऋषिगंगेतून पाणी, चिखल, दगडांचा लोंढा खाली आला. रैणीजवळचा वीजप्रकल्प पुसला गेला, पुढे तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यात मजूर अडकले. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. कडा तुटला तो इतक्या उंचीवर, की झाडांनी तो अडला नसता. पण नदीच्या वाटेत प्रकल्प आणि बोगदे नसते, तर एवढे जीव गेले नसते. रैणीच्या लोकांनी या प्रकल्पातल्या सुरुंगांबद्दल २०१९ मध्येच उच्च न्यायालयात तक्रार नेली होती. २०२१ च्याच पावसाळ्यात गावाखालची जमीन खचू लागली, तेव्हा गौरादेवींचा पुतळासुद्धा उचलून जोशीमठाला न्यावा लागला. ज्या बाईनं माहेर वाहून जाईल म्हणून सांगितलं होतं, तिच्या पुतळ्यालाही गावात उभं राहायला जागा उरली नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण कायदा रैणीला आणि आपल्याला एकच लागू आहे. २००६ चा वनहक्क कायदा. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, जंगलावर जगणाऱ्या लोकांना तो हक्क देतो. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यातही तो लागू आहे. तिथून लोकांना हलवायचं, तर ग्रामसभेची लेखी संमती लागते. वैयक्तिक वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, नुसता नवऱ्याच्या नावानं करून दिला तर बोट दाखवून विचारायचं. सामूहिक हक्कही मिळतो, चारा, बांबू, मध, डिंक यांचा. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला, आणि २०११ पासून ते बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या ग्रामसभेतून देतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा. गावच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तुमच्या गावात ती होते का, की नुसत्या वहीवर सह्या फिरवतात, हे पुढच्या गटाच्या बैठकीत एकमेकींना विचारा. ज्यांच्या गावाला जंगल लागून आहे, त्यांनी वनहक्क समितीतल्या बायांची नावं ग्रामपंचायतीत मागा. कदाचित त्यात तुमचंच नाव असेल आणि तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. असं होतं.

रैणीच्या बायांजवळ कायदा नव्हता, वही नव्हती, मोबाइल नव्हता. एका मुलीनं पाहिलं, तिनं एकीला सांगितलं, एकीनं सत्तावीस जणींना हाक मारली. आपल्या गटात बारा-पंधरा जणी तर असतोच. तुमच्या भागातल्या डोंगराची, देवराईची, तळ्याची एखादी गोष्ट तुमच्या आजीनं सांगितली असेल, तर ती आठवून ठेवा आणि गटाच्या बैठकीला घेऊन या. आपण ती रेडिओवर सांगू.

पुढच्या वेळी भेटूच.